बाहेरगावचं जनावर

११ नोव्हेंबर

आलो एकदाचा! साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतोय आणि त्यांना रसायनातलं काही कळणारा माणूस हवा होता, म्हणून मी. तापीकाठचं हे गाव म्हणजे केळी, ऊस, ट्रॅक्टर आणि पुन्हा केळी. लोक आपसात अहिराणी बोलतात, माझ्याशी शाळेत पाठ केलेलं मराठी बोलतात आणि दोन्हीत मुद्द्याचं काही बोलत नाहीत.

घर मात्र झकास मिळालं. गावापासून जरा लांब, केळीच्या बागेला लागून नवाकोरा बंगला. घरमालक पितांबरभाईंनी मुलासाठी, हेमराजसाठी बांधला. हेमराज सुरतला असतो, सून दामिनी बाळंतपणाला माहेरी तळोद्याला, म्हणून उन्हाळ्यापासून बंद होता. पुण्यात कुत्रा म्हटलं की घरमालकांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. इथे पितांबरभाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की जनावरं सोबत आणणार ना?

आणली. नवाब हा माझा कुत्रा, जात कुठलीच नाही पण ऐट संस्थानिकाची. घटस्फोटातून माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव चांगली गोष्ट. ठमाबाई हे मांजर, ते आपलं असंच सोबत आलं. पितांबरभाईंच्या पत्नी पार्वतीबाई नवाबसाठी वाटीभर दूध घेऊन आल्या आणि त्याच्या कपाळाला चक्क कुंकू लावलं. मला साधा चहाही विचारला नाही. पाहुणा कोण आणि कुत्रा कोण, एवढंही या लोकांना कळू नये! नवाब मात्र खूश आहे, त्यामुळे मीही.

१३ नोव्हेंबर

पिसवा. नव्या बंगल्यात पिसवा! पांढरे मोजे घालून हॉलमधून चालत गेलो तर मोज्यांवर तीळ सांडल्यासारखे ठिपके, आणि तीळ उड्या मारत होते. पार्वतीबाईंना बोलावून दाखवलं. बाई ओशाळल्या नाहीत की चकित झाल्या नाहीत. नवाबच्या अंगावर चढल्या का, एवढंच विचारलं. चढल्यात म्हटल्यावर समाधानाने मान डोलावली. अडाणीपणालाही काही मर्यादा असावी.

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितो. बंद घरात पिसवांचे कोश फटींमध्ये महिनोन्महिने पडून राहतात. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब मिळाली की फुटतात. उपाय शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. चादरी उकळत्या पाण्यात धुवायच्या, फटी व्हॅक्यूमने साफ करायच्या, कुत्र्याला बारीक फणीने विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, त्याच्या मानेवर औषधाचे थेंब सोडायचे, कोपऱ्यांत फवारा मारायचा. काही आठवडे चिकाटीने केलं की विषय संपला. चिकाटी हा शब्द मात्र या गावात मी अजून ऐकलेला नाही.

१६ नोव्हेंबर

फवारणी केली. कुत्र्याचं औषध मांजराला विष असतं, म्हणून ठमाबाईला आधी बाहेर पडवीत बांधायला गेलो. ती हातातून निसटून केळीत पळाली ती पळालीच. कृतघ्न जात!

मेलेल्या पिसवा सुपलीने भरून टाकल्या. दुपारी तेवढ्याच पुन्हा. कंपनीने औषधाच्या नावाखाली गुलाबपाणी विकलेलं दिसतं.

नवाब जेवत नाही. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत. रक्त कमी होतंय. मला भीती वाटली, लिहायला काय लाज. जनावरांचा डॉक्टर शहाद्याला, आणि माझी स्कूटर एवढ्या कुत्र्याला घेऊन चालायची नाही. पितांबरभाईंकडे जीप मागितली. ते म्हणाले, आताच नको, अजून भरला नाही. काय भरला नाही, हे विचारलं तर हसले. दात तेवढे छान आहेत माणसाचे.

१८ नोव्हेंबर

पार्वतीबाईंनी आज सगळं सांगितलं. तेही पापड कसे लाटावेत हे सांगावं अशा सुरात.

बंद घरात पिसवा माजल्या की यांच्याकडे आत एक जनावर ठेवतात आणि दार लावून घेतात. सगळ्या पिसवा त्याच्या अंगावर चढल्या, म्हणजे जनावर भरलं. मग ते ट्रॅक्टरमध्ये घालून तापीपलीकडे वाळूत सोडून यायचं. जनावर बाहेरगावचंच लागतं. गावचं असलं तर घराच्या ओढीने परत येतं आणि सगळं परत आणतं. आधी अक्कलकुव्याच्या बाजारातून बोकड आणला होता.

"बोकड पुरना नही, भाऊ," बाई म्हणाल्या. "नातू येई ऱ्हायना ना घर. तुमना कुत्रा दांडगा शे."

म्हणजे घर मला भाड्याने दिलंच नव्हतं. नवाबला दिलं होतं! मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. गावंढळ, निर्दय, बिनडोक. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मी बॅग भरायला आत गेलो आणि मागे कडी वाजली.

१९ नोव्हेंबर

दार बाहेरून बंद. खिडक्यांना गज, मागचं दार लोखंडी. ओरडून घसा बसला. ऐकायला आहे कोण, केळी?

कारखान्याच्या साहेबांना फोन केला. साहेब हसले. पितांबरभाई त्यांचे साडू निघाले. म्हणाले, इकडची रीत आहे, दोन दिवस धीर धरा, रजा लिहून टाकतो. हा माणूस आमचा उत्पादनप्रमुख!

मग पोलिसांना लावणार होतो. पण फोन चार्जिंगला होता, गरम झाला होता. उबेला आलेल्या पिसवांनी पूर्ण काळा. पडदा दिसेना. घाईत मी तो साबणाच्या पाण्यात बुडवला. मी, एम.एस्सी. — फोन — साबणाच्या पाण्यात.

२० नोव्हेंबर, सकाळ

नवाब उठत नाही. शेपूट हलवतो, माझी समजूत काढायला. फणी बुडवतो ते पाणी लाल होतंय. पुन्हा पुन्हा.

काहीच चालत नाही. औषध नाही, फवारा नाही. त्या फक्त ऊब ओळखतात — आणि त्याच्यापेक्षा मोठा मी आहे.

दुपार

बाथरूममध्ये शर्ट काढून त्याच्या शेजारी आडवा झालो. वाट पाहिली. आल्या. त्याच्या कानांमागून, पोटाखालून — घाई नाही, ढकलाढकल नाही. या गावात शिस्त पाळणारं कुणी भेटलं तर हे.

राहिलेल्या विंचरून काढल्या. साबणाने धुतला. स्वच्छ. इथल्या खिडकीला तेवढे गज नाहीत, काचपट्ट्या उपसल्या. मला ती अपुरी — तो मावला, इतका वाळलाय —

पडला पलीकडे. उभा राहिला. माझ्याकडे बघत बसला, गाढव. मी ओरडलो. शिव्या दिल्या. शेवटी गेला, केळीत.

वाचला.

२१ नोव्हेंबर

खाजत नाही आता. बधिर. अंगातली ऊब गेली, गार पडलोय. पान दिसत नाही नीट, हात झटकून लिहितोय — लगेच पुन्हा —

ट्रॅक्टर आला. दाराशी. पार्वतीबाई सांगतायत, कुत्रा पळाला. आता तरी चिडतील. नाही. पितांबरभाईंचा शांत आवाज —

"जाऊ दे. माणूस शे ना मझार. तोबी बाहेरगावनाच शे." मझार म्हणजे आत. म्हणजे मी.

न्या. खुशाल न्या. तुमच्या त्या वाळूत सोडा. नवाब सुटला, तुमच्या अकलेला पुरून उरलो मी —

दाराशी खरखर. खालच्या बाजूला. नखं —

नाही. नाही, नवाब. तुला इथे घर नाही, तू कशाला — पार्वतीबाई हसतायत, म्हणतायत बघा, मालकासाठी आला —

कडी काढतायत. शेपूट दारावर आपटतेय, ऐकू येतंय. माझ्या अंगावरच्या सगळ्या — थांबल्या. दाराकडे वळल्या —

आत येऊ नकोस. अरे मूर्खा, पळ, माझ्याकडे नको, प