चर्चच्या दाराला झेंडू

बाई,

तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. परवा माझ्या लेकीचं लग्न लागलं, आपल्याच चर्चमध्ये. दारापासून वेदीपर्यंत मी झेंडू लावला. पिवळा, केशरी, दोन दिवस हाताचा वास जात नाही असा भरभरून झेंडू. ऐकताय ना?

मी सहावीत होते. संडे स्कूलमध्ये तुम्ही पाठ करून घेतलेली वचनं मला अजून येतात, आणि त्या सकाळचं तुमचं बोलणंही. थोरल्या बहिणीचं लग्न. बाबा शेतातून टोपलंभर झेंडू घेऊन येतात, स्वतः ओवलेली तोरणं चर्चच्या दाराला बांधतात. पण चर्च सजवायचा मान तुमचा. तुम्ही आलात, कात्री मागितलीत आणि तोरणं कापून काढलीत. "झेंडू देवळात. इथे पांढरीच फुलं." बाबा हात जोडून म्हणाले, "फुलाले कोनता धरम असते, बाई?" "असतो," तुम्ही म्हणालात. बाबांनी टोपलं उचललं आणि लग्नभर मागच्या बाकावर बसून राहिले. मुलीच्या बापाची जागा पुढे असते, बाई. तुम्हाला ते दिसलं नाही, की दिसूनही चाललं?

कपाशीच्या बांधाला झेंडू लावायची बाबांची रीत. अळी आधी झेंडूवर येते, पऱ्हाटी वाचते, असं ते म्हणत. बीटीचं बियाणं आल्यावर गावाने झेंडू सोडला. बियाण्यातच औषध आहे म्हणे. बाबांनी सोडला नाही, मीही नाही. यंदा गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली. ही अळी काही झेंडूला भुलत नाही. दुसऱ्या वेचणीलाच आम्ही पऱ्हाटी उपटली. बांधावरचा झेंडू मात्र सातपुड्यापर्यंत दिसावा असा फुललेला. मग मी पांढरी फुलं कशाला आणू? शेतात जे उरलं तेच लेकीच्या लग्नाला नेईन, असं ठरवून टाकलं.

लेक घाबरली. "माय, सासरचे हासतीन." म्हटलं, हासू दे. मी शिडीवर असतानाच चर्चच्या कमिटीतले एक भाऊ आले. "ताई, हे काय करून राह्यल्या? बाई असत्या तं चालू देलं असतं काय?"

"नसतं देलं," मी म्हटलं. "म्हनूनच लावून राह्यली. तोडाचं असन तं चढा वर."

ते चढले नाहीत. पाळकसाहेबांनी त्याच तोरणांखाली लग्न लावलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. मला त्याचा अजिबात पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक खरं लिहिते. भाऊ "बाई असत्या तं" म्हणाले, तेव्हा मी आधी दाराकडे पाहिलं. तुम्ही तिथे उभ्या असत्यात, तर मी मुकाट्याने खाली उतरले असते. बाबांसाठी एक शब्दही बोलले नसते.