कळवायचं नाव

३ फेब्रुवारी
आले वणीला! गावाबाहेरच्या एका खासगी कोळसा डेपोत वजनकाट्यावर नोकरी लागली आहे. काट्याशेजारी माझी काचेची केबिन, समोरून ट्रकचा रस्ता. भाड्याच्या खोलीतून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या दिसतात. खिडकीवर कोळशाची भुकटी बसते, दोनदा पुसली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीची खोली आहे.

४ फेब्रुवारी
फॉर्म भरला. अपघात झाल्यास कोणाला कळवायचं त्याचं नाव, नातं, फोन. इथले टाइमकीपर भीमराजभाऊ म्हणाले, मागे एक ड्रायव्हर गेला तेव्हा त्याचं घर सापडायला तीन दिवस लागले, तेव्हापासून सगळ्यांचं लिहून घेतात. मी पेन धरून बसून राहिले. अनाथाश्रमात वाढलेलीने कोणाचं नाव लिहावं? मागे चार जण उभे होते. लाज वाटली. लिहून टाकलं: मैनाबाई, आई. नंबरही मनाचाच, सुचतील ते दहा आकडे.

६ फेब्रुवारी
भाऊंनी सगळ्यांचे नंबर लावून पाहिले. हसत केबिनमध्ये आले. "ताई, तुमच्या आईशी बोललो. पोरगी जेवते का नाही, विचारून राह्यली होती."
कोणाला तरी चुकून लागला असेल. पण चुकून लागलेली बाई असं का विचारेल? मी पुढच्या ट्रकची पावती फाडली. डबा मात्र आज पूर्ण संपवला.

९ फेब्रुवारी
तिचा ऑफिसात रोज फोन येतो. काल मला कणकण होती, कोणाला बोलले नव्हते. भाऊंनी तिचा निरोप दिला: पोरीले सुंठीचा काढा घ्यायले सांगा.
मी स्वतः तो नंबर लावला. अस्तित्वात नाही. तीनदा लावला, तेच.
काढा केला. खरं लिहिते, बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
भाऊंना सगळं सांगून टाकलं. नाव खोडा म्हटलं. त्यांनी फॉर्म काढून समोर ठेवला. मग म्हणाले, खोडतो, पण दुसरं कोणाचं लिहू?
मी फॉर्म परत त्यांच्याकडे सरकवला. नाव तसंच राहिलं.

१३ फेब्रुवारी
भेटायला कधी येऊ, तिने फोनवर विचारलं. भाऊ घाबरले होते. तिला म्हणाले, आता फोन करू नका, काही झालं तरच कळवू. ती बरं म्हणाली. त्यानंतर दिवसभर फोन नाही. आणि ऑफिसातला फोन वाजला की मी दर वेळी कान देऊन —

१५ फेब्रुवारी, दुपार
भाऊ धावत आले. ती फाटकाशी उभी आहे. म्हणते, पोरीच्या अपघाताचं कळलं, न्यायले आली. कोणी कळवलं? कोणीच नाही. मला काही झालेलंच नाही. हात, पाय, सगळं धड आहे.
आतून कडी लावा म्हणाले आणि माणसं बोलवायला गेले. अजून आले नाहीत —

काचेतून दिसते. आता रस्त्याच्या पलीकडे. हिरवं लुगडं. मधून भरलेले ट्रक, एकामागून एक. ती त्यांच्याकडे बघतही नाही. हात पुढे केलेत.

जमनी म्हणून हाक मारते मला. माझं नाव प्रेरणा, तेही आश्रमातल्या बाईंनी ठेवलेलं. त्याआधीचं कोणालाच —

जायचं नाही. नाही जायचं.

रडते आहे ती. माझ्यासाठी कोणी कधी —

कडी काढली. मध्ये फक्त रस्ता आहे, एवढा ओलांडला की