पट्टीखालची चकती

मी, रुपचंद नथ्थू देसले, वय एकोणऐंशी, मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला, बोटींच्या काठ्या-तारा बांधणारा रिगर, हल्ली मुक्काम तापीकाठ, ता. शिरपूर, जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारी माझी बायको कोकिळा कधीच गेली. डोळे अधू आहेत, डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर आणि केळीचं शेत थोरला मुलगा भूपेंद्र यास. शेत त्यानेच राखलं, त्याबद्दल तक्रार नाही.

२. बँकेतली सगळी शिल्लक धाकटी सून चारुलता हिला. भावकीतल्या कोणी यावर तोंड उघडलं, तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

३. माझी शिडाची बोट धाकटा मुलगा कै. योगेंद्र याची मुलगी सारिका हिला. तिची आई चारुलता म्हणते, मोडीत घाला. तिचं दुःख मला कळतं. पण पोरीचा जीव बापासारखाच पाण्यात आहे. चोरून कुणाच्या बोटीत बसण्यापेक्षा नीट बांधलेल्या बोटीत बसलेली बरी.

योगेंद्र वाऱ्याने गेला, असं गाव अजून म्हणतं. खोटं आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिला तारा अडकवायच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या. हे दोन धातू उघडे टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली, की स्टील चकचकीत राहतं आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. म्हणून मी मध्ये प्लास्टिकची चकती घालत असे. मी डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला असताना भूपेंद्रने पट्ट्या बदलल्या. फोनवर चकतीची आठवण केली, तर म्हणाला, "आबा, आठे समिंदर कोठे शे?" इथे समुद्र कुठला, म्हणून चकती घातलीच नाही आणि बोट वर्षभर शेडमध्ये पोटॅशच्या गोण्यांना चिकटून ठेवली. अरे, पोटॅश म्हणजे एक मीठच की! माझ्या डोळ्यांना तेव्हा जवळचं दिसत नव्हतं. तापीवरच्या बॅरेजमागे साचलेल्या फुगवट्यावर पहिल्याच जोराच्या वाऱ्यात पट्टी उखडली आणि काठी योगेंद्रच्या डोक्यात आली. नंतर पट्टीमागे हाताचं बोट फिरवलं, तर खाल्लेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी लागली. त्या दिवसापासून मी भूपेंद्रशी बोललेलो नाही. जेवतो एकाच घरात.

४. नवी डोलकाठी मी आणून ठेवली आहे. प्रत्येक पट्टीखाली जाड प्लास्टिकची चकती, बोल्टच्या भोकात ठिबकच्या नळीचा तुकडा, बोल्टच्या आट्यांना माझ्या पेटीतली पिवळी पेस्ट. तांब्याचं ग्रीस चुकूनही लावू नये. दर दिवाळीला सगळं उघडून पाहावं. शेडमध्ये खताची एकही गोणी नको. हत्यारांची पेटी सारिकाची, पण आधी ती भूपेंद्र वापरील.

५. कारण हे काम त्यानेच करायचं आहे, मिस्त्री लावायचा नाही. ते होईपर्यंत घर त्याच्या नावावर चढवू नये. पहिली फेरीही त्याचीच. त्याला पोहता येत नाही, जाकीट घालू द्यावं. काठावर चारुलतेने उभं राहून पाहावं. काठी टिकली, तर मग सारिकाला बसू द्यावं.

भूपेंद्रा, माझं चुकलं म्हणायला तू माझ्या खोलीपर्यंत आला होतास. मी कडी लावून घेतली. आता मला सांगून उपयोग नाही. बोटीतून उतरलास की काठावरच्या चारुलतेला सांग.

ठिकाण : शिरपूर. दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४.

(सही) रुपचंद नथ्थू देसले

आमच्या देखत सही केली. बोलणं स्वच्छ होतं.
साक्षीदार : १. रतिलाल जीवराम जैन (सही)
२. पुना भिका कोळी (अंगठा)