घरच्या नावाने हाक

५ जानेवारी
आले एकदाची वसईत! पापडीत लुईझा आंटींच्या घरामागे खोली मिळाली. खिडकीला केळीची पानं टेकलेली, आणि चर्चची घंटा इतकी जवळ की गजर लावायलाच नको. आमच्या जतला एवढं हिरवं फक्त कॅलेंडरवर असतं. आंटींनी आल्या आल्या सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, हातावर ठेवली आणि लग्नाचं विचारलं. चालायचंच.

फिजिशियन असिस्टंटची पदवी झाल्यावर पुढच्या प्रशिक्षणाला पर्याय बरेच होते: सर्जरी, इमर्जन्सी, हृदयरोग, आयसीयू, भूल. सर्जरी घे, सर्जरी घे म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं. भूल देणाऱ्याला कोण विचारतं, असं मामा म्हणाला. पण मला तेच हवं होतं. माणूस झोपताना कानावर शेवटचा आवाज आपला, आणि जागा होताना पहिलाही आपलाच. यापेक्षा भारी काम कुठलं?

९ जानेवारी
सेलिन मॅडम इथल्या हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञ. कडक आहेत, पण जीव ओतून शिकवतात. मास्क धरून आणि झोपलेल्या पेशंटचा जबडा उचलून माझी बोटं अजून ठणकतायत. मॅडमची एक पद्धत आहे. झोपवण्याआधी पेशंटला घरचं नाव विचारायचं आणि उठवताना त्याच नावाने हाक मारायची. कागदावरच्या नावाला माणूस अर्धवट येतो, घरच्या नावाला पुरता येतो, असं त्या म्हणतात. हाक मारायचं काम माझं; तेव्हा बाकी कोणी चकार शब्द काढायचा नाही. आज एका प्राचार्यांना मी ‘बटाटा’ म्हणून उठवलं! मास्कमागे हसून हसून मेले.

१९ जानेवारी
आजचा दिवस यायलाच नको होता. पाचूबंदरचे अँथनी, बोटीचे मालक, पित्ताशयाचं ऑपरेशन. घरचं नाव चिंबोऱ्या, कारण लहानपणी खेकड्यासारखे तिरके चालायचे. सांगताना स्वतःच खो खो हसले. ऑपरेशन नीट झालं. मग मी हाका मारत राहिले, आणि ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. मॅडमनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. त्यांच्या बायकोचं, ज्युलीचं रडणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

मला रडायलाही सवड नव्हती. लगेच त्याच टेबलावर फुटलेलं अपेंडिक्स आलं. पापडीचे मेलरॉय सर, शाळेत गणित शिकवतात, घरचं नाव मेलू. उठवायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, चिंबोऱ्या! जीभ चावली मी. पण तेवढ्यात सरांनी डोळे उघडले आणि ओ दिली. उठले ना, मग बस झालं, असं मी मनाशी म्हटलं. मॅडमना सांगितलं नाही.

२१ जानेवारी
सर पाणी मागताना ‘पानी दे गो’ म्हणतात. बोट लागली का, मासळी किती, असं विचारत असतात. त्यांची बायको एमिली सांगते, की बोटीत पाय ठेवला तरी यांना उलटी होते. मुलगी ब्रिटनी जवळ गेली, तर हे कोनाचं पोर, असं त्यांनी तिच्यासमोरच विचारलं. पोरगी ढसाढसा रडली. मॅडम म्हणतात औषधाचा अंमल आहे, उतरेल. मी मात्र त्या चुकीच्या हाकेचाच विचार करतेय.

२५ जानेवारी
काल डिस्चार्ज मिळाला, पण सर घरी गेलेच नाहीत. रिक्षा करून थेट पाचूबंदरला, ज्युलीच्या दारात. आधी तिने शिव्या घातल्या. मग ते असं काही बोलले की जे फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक, आणि ती किंचाळत शेजारी पळाली.

आज एमिली माझ्या खोलीवर आली. मी सगळं सांगून टाकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की भलत्याला तू बोलावलंस, आता माझ्या माणसाला तूच परत आण. तिच्याबरोबर पाचूबंदरला गेले. मेलू, मेलू म्हणून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. सरांनी मानसुद्धा वळवली नाही.

२७ जानेवारी
सरांच्या जखमेत पू झालाय. उद्या पुन्हा भूल. एमिलीला वाटतं, आता तरी ते परत येतील. मला मात्र भीती वाटतेय, खरंच. इतके दिवस सर आहेत तरी कुठे? आणि माझी हाक त्यांना ऐकू गेली, पण अंगात शिरायची वाटच सापडली नाही, तर—

२८ जानेवारी
हाक मारली. मेलू. टेबलावर काहीच हललं नाही. ना सर, ना अँथनी. पुन्हा मारली.

ओ आली. माझ्याच तोंडून.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. सर तसेच पडून, व्हेंटिलेटरवर.

३० जानेवारी
बोटांना खडू आठवतो. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. ब्रिटनी भातातले मटार वेचून बाजूला काढते— हे मला कुणी सांगितलं? मॅडमनी सुट्टी दिलीय. देवा, मला इथून घरी—

१ फेब्रुवारी
सर गेले. मी मातीला गेले होते. एमिली दिसली आणि मी तिला ‘एमी’ म्हणून हाक मारली. ती दचकून मागे सरकली. एमी फक्त तेच म्हणायचे, म्हणाली. ब्रिटनीला ओढून घेतलं. पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवू नकोस, म्हणाली.

३ फेब्रुवारी
फोन. एक बाई रडतेय. ठकू, ओ दे गं, ठकू— आई. जतची. ठकू म्हणजे मीच, लहानपणापासून. ओ द्यायला तोंड उघडते, तर आतून कुणीतरी—

४ फेब्रुवारी
त्या बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांना सांगितलं, इथे ठकू म्हणून कोणी राहत नाही. फार रडल्या. वाईट वाटलं.

आमच्या ओट्यावर बसून लिहितोय. एमी दार उघडत नाही. खूप हाका मारल्या. आतून ब्रिटनी विचारतेय, मम्मी, बाहेर कोण आहे? एमी तिला म्हणतेय, ओ देऊ नको. बाळा, मी आलोय गं, पप्पा, एकदा फक्त कडी—