दीपगृहाच्या सिनेमाचा शेवट

३ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं नाही की तू मजेत आहेस असं मी धरून चालते. त्या हिशेबाने दिवाणखान्यात लोळून लोळून तू आता गोल झाला असशील. मी बरी आहे. थंडीत घसरून पडणाऱ्यांनी दवाखाना भरलाय. दिवसभर लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालते आणि संध्याकाळी नखांतलं पांढरं काढत बसते.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात दादाला जाऊन वर्ष होईल. त्याच्या चित्रपट मंडळाने त्याच्या आठवणीत रविवारी दुपारी एक जुना सिनेमा दाखवायचं ठरवलंय. अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, म्हणाले की दाखवायचा तर जगातला सगळ्यांत थोर सिनेमा दाखवू. झालं. सभेत अशी जुंपली की चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि घरच्यांनीच नाव कळवा म्हणाले. वहिनीने लगेच गाढव आणि बँडवाल्यांच्या विनोदी सिनेमाला मत दिलं. दादा असता तर त्याने आठवडाभर अबोला धरला असता.

माझं मत तुला माहीत आहेच. दीपगृहाचा सिनेमा. त्याच्या पासंगालाही पुरेल असं काही मला आजवर सापडलेलं नाही.

आणखी एक. हे वहिनीला सांगितलेलं नाही. दादा गेल्यापासून त्याचा आवाज मला ऐकू येतो. भास म्हण हवं तर. खिडकीशी उभी राहिले की तो सांगायला लागतो, डावीकडून बाई येते, उजेड तिच्या पाठीवर आहे. आणि खरोखर डावीकडून कोणीतरी बाई येते. मला भीती वाटत नाही. फक्त तो मध्येच थांबतो, ते सहन होत नाही.

मत कळव. लहानांना गोड पापा आणि तुझ्यावर माझा डोळा आहे हे विसरू नकोस.
तुझी,
अक्का


११ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी गोल झालेलो नाही. फिल्म संग्रहालयाच्या तळघरात डब्यांमध्ये दिवस काढणारा माणूस गोल होत नसतो, तो गारठतो. फाटक्या फिल्मचे तुकडे जोडता जोडता बोटं अशी बधिर होतात की घरी आल्यावर शर्टाचं बटण काढायला बायको लागते.

तुझं मत मला मान्य नाही. दीपगृह चांगला असेल, थोर नव्हे. माझं मत घंटा ओतणाऱ्या कारागिराच्या मूकपटाला. त्यात शेवटी घंटा वाजते आणि आपल्याला ती ऐकू येत नाही, फक्त चौकातले सगळे चेहरे एकदम वर होतात. हे तुला मी शब्दांत सांगितलं, त्यात काही उरलं का? नाही ना? तेच म्हणतो मी. जो सांगता येतो तो थोर सिनेमा नव्हे. जो सांगायला गेलं की हातातून निसटतो, तो थोर. या एकाच मुद्द्यावर दादाचं आणि माझं जन्मभर वाजलं. आता वाजवायला कोणी नाही, तर तू उभी राहिलीस. बरं वाटलं.

दीपगृहाची एक प्रत आमच्या तळघरात आहे. कित्येक वर्षं कोणी तिचा डबा उघडलेला नाही. मी ती काढून तपासतो. मंडळाने तुझंच ऐकलं तर निदान पडद्यावर फिल्म तुटायला नको.

आवाजाबद्दल काय लिहू? इथे मी एकटा रीळ गुंडाळत असतो तेव्हा मलाही कधीकधी वाटतं, कोणीतरी मागे खुर्ची ओढून बसलंय. मी वळून बघत नाही. तूही बघू नकोस.

रागावत राहा, म्हणजे आठवण ठेवतेस असं समजेन.
तुझा,
खारू


१७ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

जो सांगता येत नाही तो थोर, हे तुला परवडतं, कारण तुला सिनेमाला जाता येत होतं. मी नऊ वर्षांची असताना कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होते. तू तेव्हा रांगत होतास आणि माझ्या अंथरुणावर चढून प्लास्टर कुरतडायचास, म्हणून तर खारू. आई मावशीकडे गेली आहे असं मला सांगितलं होतं. दादा तेरा वर्षांचा. दर रविवारी दुपारच्या खेळाला जायचा आणि येऊन चपलासुद्धा न काढता माझ्या उशाशी बसून अख्खा सिनेमा सांगायचा. कोणाच्या अंगावर कसला कोट, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं. जो सिनेमा न बघितलेल्या माणसाच्या छातीत घर करतो, तोच थोर. माझा मुद्दा हा आहे आणि मी तो सोडणार नाही.

दीपगृहाचा शेवट आठव. दिवेकऱ्याची बायको एक दिवस सामानाच्या होडीतून निघून जाते. लहान मुलगी खिडकीतून होडी बारीक होताना बघते. सगळा हिवाळा जातो. आणि एका संध्याकाळी लोखंडी जिन्यावर पावलं वाजतात. आईच असते. ती म्हणते, आपला दिवा किती लांबून दिसतो ते बघायला गेले होते, कुठूनही दिसतो गं. मुलगी रुसलेली असते. मग स्टुलावर जरा सरकून आईला जागा करून देते. संपलं.

दवाखान्यात पोरांच्या पायाचं प्लास्टर वाळेपर्यंत मी त्यांना हा सिनेमा सांगते. जागा करून दिली म्हटलं की रडकं पोरही गप्प होतं. तुझी घंटा एक तरी पोर गप्प करेल का, सांग.

जपून राहा, मफलर गुंडाळ. मो. न. आणि ल. आ. घरोघरी वाटून टाक.
अक्का


२६ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

काल दीपगृहाची सगळी रिळं हाताने तपासली आणि आज दुपारी छोट्या खोलीत लावून बघितली. अक्का, तू सांगतेस तो शेवट त्यात नाही. बायको परत येत नाही. हिवाळ्यात दिवेकरी आजारी पडतो आणि ती लहान मुलगी एकटी जिना चढून दिवा लावते. मग ती मागे वळून जिन्याकडे बघते. जिना रिकामा. त्या रिकाम्या जिन्यावरून दिव्याचा झोत फिरून फिरून येत राहतो आणि सिनेमा संपतो.

कोणी शेवट कापला असेल असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. पण फिल्मच्या कडेला छापलेले आकडे शेवटपर्यंत सलग आहेत. काही गळलेलं नाही. दुसरा शेवट कुठे निघाला होता का, तेही आमच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञांना विचारलं. ते नाही म्हणाले.

मला मात्र पावलं ऐकू येतील असंच वाटत राहिलं. दिवे लावल्यावरही मी जरा वेळ दाराकडे बघत बसलो होतो.

तू हा सिनेमा स्वतः कधी बघितला आहेस का? खरं सांग. आणि माझ्यावर चिडू नकोस.
खारू


१ फेब्रुवारी

चि. खारूस,
आ.

नाही बघितला. दोनदा आपल्या गावात लागला होता, पण गेले नाही. दादाने सांगितलेला माझ्याजवळ असताना पडद्यावरचा कशाला हवा, असं वाटायचं.

पण दादा खोटं सांगणारा नव्हता. गाढवाच्या सिनेमात गाढवाच्या गळ्यात घंटी होती की नव्हती यावरून तो वहिनीशी भांडला आहे. कोणाच्या कोटाचं एक बटण त्याने इकडचं तिकडे केलं नाही, तो अख्खी बाई परत आणेल?

वहिनीकडे गेले आणि सरळ विचारलं. ती उठून आत गेली आणि रिकाम्या ओट्यावरून फडकं फिरवत उभी राहिली. मी निघाले तेव्हा म्हणाली की दोन दिवस द्या.

आवाज थांबला आहे. खिडकीशी बराच वेळ उभी राहून बघितलं.
अक्का


३ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

चार घरं सोडून राहते आणि पत्र लिहितेय, हसू नका. तोंडाने सांगायला घेतलं असतं तर अर्ध्यात थांबले असते.

लग्नानंतर काही वर्षांनी एका दुपारी टीव्हीवर तो दीपगृहाचा सिनेमा लागला होता. मी निवडणं घेऊन बघायला बसले. होडी लांब गेली, मुलगी खिडकीत उभी, आणि ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. मी चिडले. तर म्हणाले की इथून पुढचा मी बघितलेला नाही आणि बघणारही नाही. मग सांगितलं.

त्या रविवारी थिएटरात नेमका तोच प्रसंग चालू असताना दारवान बॅटरी घेऊन रांगेरांगेतून आला. त्याच्यामागे मामंजी. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर उन्हात नेऊन सांगितलं की आई गेली. ती मावशीकडे नव्हती वन्सं, पहिल्यापासून इस्पितळातच होती, हे तुम्हाला नंतर कळलं. पण ती त्या दिवशी गेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तुम्ही रडून हललात तर हाड नीट बसणार नाही, प्लास्टर निघेपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, असं मामंजींनी ह्यांना बजावलं.

घरी आले तर तुम्ही उशीला टेकून वाट बघत होतात आणि पहिला प्रश्न, आज काय झालं सिनेमात. फिल्म तुटली असं सांगावं, हे त्यांच्या मनात होतं. पण तसं म्हणून गप्प बसलो असतो तर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं असतं, म्हणाले. म्हणून सांगत राहिले. आईला परत आणायचं असं ठरवलं नव्हतं. सांगता सांगता ती आपोआप जिना चढून आली आणि मग तिला मागे लोटवेना.

पुढे तुम्ही तो शेवट कोणालाही इतक्या कौतुकाने सांगायचात की ते तिथून उठून जायचे. तुम्हाला वाटायचं, त्यांना ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

मी बरोबर केलं का चूक, कळत नाही. माझ्यावरची माया पातळ करू नका, एवढंच मागते.
तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझे डबे सुखरूप आले आणि परतही निघाले. फिल्म कुठेही तुटली नाही. दातांच्या डॉक्टरांनी तुझ्या हातांची तारीफ केली आणि लगोलग माझ्या दाढेबद्दल बोलले.

वहिनीचं पत्र तुला पाठवलं होतंच. त्यावर तू फक्त, मी रांगत होतो गं, एवढं लिहिलंस. पुरे झालं तेवढं.

मी दीपगृहच दाखवा म्हटलं. हट्टाने. वहिनी आणि मी मधल्या रांगेत बसलो. अंधार झाला आणि इतके दिवस गप्प असलेला दादा माझ्या उजव्या कानाशी बोलायला लागला. खारू, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. दिवेकऱ्याच्या कोटाची फाटकी बाही, आई आतून आणि मुलगी बाहेरून काच पुसते ती जागा, सगळं तो आधी सांगत होता आणि मग पडद्यावर येत होतं. मला वाटलं, मी नऊ वर्षांची आहे आणि पाय जड आहे.

मग होडी लांब गेली. मुलगी खिडकीत उभी राहिली. आणि आवाज थांबला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याने सांगितलेल्या पुढच्या भागात कधी कोट नव्हता, कुठल्या बाजूला दार नव्हतं, उजेड नव्हता. इतक्या वर्षांत मला ते जाणवलंच नाही. आई जिना चढून आली तेव्हा तिच्या अंगावर काय होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं कोण जाणे. मी मान वळवून बाजूच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं. दारवान आला नाही. कोणीच कोणाला न्यायला आलं नाही.

वहिनीने माझा हात धरला, म्हणाली, बाहेर जायचं का. मी नको म्हटलं. त्याचा राहिलेला सिनेमा कोणीतरी बघायला हवा होता.

मग मी सांगायला घेतलं. मनातल्या मनात, त्याच्यासारखं. दादा, दिवेकरी खोकतोय, खाटेवर पडलाय, पांघरूण जाड आहे, रेघांचं. मुलगी काडेपेटी घेते. जिना डावीकडून वर जातो. नीट चाललं होतं. मुलीने दिवा लावला, वळून जिन्याकडे बघितलं, रिकाम्या पायऱ्यांवरून झोत फिरायला लागला, आणि माझ्याजवळ शब्दच उरले नाहीत. जिना रिकामा आहे, एवढं म्हणून बघितलं. ते नव्हतं ते. पुन्हा प्रयत्न केला. तेही नव्हतं.

तेव्हा मंडळाच्या वहीत तुझ्या मुद्द्याच्या बाजूने माझं मत लिहून घ्या म्हणून डॉक्टरांना सांगितलंय. फार फुगू नकोस. सिनेमा मात्र माझाच थोर ठरला.

वहिनीशी मी पूर्वीपेक्षा जास्त भांडते, म्हणजे ठीक चाललंय. दवाखान्यातल्या पोरांना मी दादाचाच शेवट सांगणार आहे, तिथे कोणाचं ऐकणार नाही. तुझ्या बायकोला आशीर्वाद. माझ्यावरचा जीव आहे तेवढा असू दे, वाढवलास तरी चालेल.
अक्का

ता. क. शब्द संपल्यावर मी काय केलं ते लिहायचं राहिलं. गप्प बसले. झोत फिरत होता. म्हटलं, दादा, तूच बघ.