एकच बूट

ता. ४ मार्च

चि. ठमीस ताईचे आशीर्वाद.

काल, मंगळवार ता. ३ मार्च, संध्याकाळी सात वाजून सतरा मिनिटांनी तू तुझ्या मालिकेतून थेट माझ्या घरात घुसलीस. नाकारू नकोस, वेळ लिहून ठेवली आहे.

मालिकेतला तुझा नवरा गेला. तू मागच्या खोलीत जाऊन त्याचे बूट काढलेस, एकाला पॉलिश केलंस आणि दुसरा तसाच सोडलास. माझ्यासोबत बघत बसलेली शेजारीण म्हणाली, काय कल्पना आहे! कल्पना कसली? हे गेले त्या दुपारी मी नेमकं हेच केलं होतं. खोलीत चिटपाखरू नव्हतं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तू तर आलीच नव्हतीस. नाटकाचे दोन प्रयोग आहेत, असा निरोप धाडलास. अकरा वर्षं तुला त्यावरून बोलले नाही, पण विसरलेही नाही. मग तुला हे कळलं कुठून? मोलकरणीकडून? राग तर आहेच, पण खरं सांगते, उत्सुकता त्याहून जास्त आहे. कालपासून शब्दकोडंसुद्धा सुटत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मोलकरणीला उगाच बोल लावू नकोस. मीच होते.

दोन प्रयोगांच्या मधे तीन तास होते. टॅक्सी केली. नाटकात मी पोस्टमास्तर व्हायची. तू त्याला थिल्लर म्हणाली होतीस. मिशी गोंदाने चिकटवलेली, काढून पुन्हा लावायला तास जायचा, म्हणून तशीच निघाले. तुझ्या पुढच्या खोलीत माणसंच माणसं. माझे गाल लाल, वर मिशी. भाऊजींना असा निरोप द्यायचा? मागच्या दाराने आले. तू जमिनीवर बसून एक बूट घासत होतीस, दुसरा धुळीने भरलेला बाजूला होता. पाऊल पुढे पडेना. परत फिरले. संध्याकाळच्या प्रयोगाला लोक पोट धरून हसले.

सिनेमात आई झाले, मालिकेत सासू झाले, चाळीस वर्षं ग्लिसरीन घालून हुकमी रडले. या वेळी दिग्दर्शक म्हणाला, रडा. मी म्हटलं, बूट आणा. चोरी आहे, कबूल. पण तुला विचारायचं म्हणजे त्या दिवशी दारातून परत गेले, हे आधी सांगावं लागलं असतं.

माया आटू देऊ नकोस.
ठमी

ता. १० मार्च

चि. ठमीस,

मिशीसकट आत यायचं होतंस, गाढवे! ह्यांना तेच आवडलं असतं. तुझं ते थिल्लर नाटक माझ्यापासून लपवून दोनदा बघून आले होते. कोटाच्या खिशात तिकिटं सापडली. आणि कुणाच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय डोकावू नये, हे शाळेत सिस्टरांनी आपल्याला शिकवलं होतं. तू तेव्हाही खिडकीबाहेरच बघत असायचीस.

आता अभिनयाचं. दुसऱ्या बुटाकडे तू दोन मिनिटं टक लावून बसलीस, ते सपशेल चूक. मी बघत-बिघत बसले नव्हते. मागे पावलं वाजली. तुझा निरोप आलेला होता, तरी मला वाटलं, ठमीच आली. ब्रश टाकून उठले. बोळात कोणी नव्हतं. परत आले आणि दुसऱ्या बुटाला ब्रश न लावताच जोडी उचलून ठेवली.

तू आली नाहीस, हे अकरा वर्षं सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं आहे. आता एकेकाला फोन करून शब्द मागे घेते आहे. आत्याबाईंना ऐकू येत नाही, त्यांना तीनदा सांगावं लागलं.

तू मात्र फोन करायचा नाहीस. कोणत्या तारखेला येतेस आणि किती दिवस राहतेस, हे शुक्रवार ता. २० मार्च, दुपारी बाराच्या आत माझ्या हाती लेखी पडलं पाहिजे. शूटिंगची सबब ऐकून घेतली जाणार नाही.

ताई