फेलेतीचं नाव वर राहावं म्हणून

रॉबिनव्हेल, ६ फेब्रुवारी

चि. फेलेतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सगळं छान आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर इतक्या पटकन सुटता येणार नाही, म्हणून लिहितेय. इथे बदामाचा हंगाम सुरू झाला. नाकाकानात धूळ गेलीय, पण हात चालतायत तोवर माझी तक्रार नाही.

नाताळात तू समजावलंस ते मी विसरले नाही बरं का. लोक फोनवर सामान हलवणारा शोधतात, तिथे तुझं नाव सगळ्यांच्या वर येतं, आणि जितके जास्त लोक त्यावर बोट ठेवतात तितकं ते वर राहतं. एवढं मला नक्की कळलं. आम्ही बागेत राबणाऱ्या बायका असलो तरी बोटं आम्हालाही आहेत! बाकी आत्ताच विचारू नकोस, वेळ आली की सांगेन.

ट्रकच्या दारावर माझ्या मुलाचं नाव रंगवलंय, हे मी गावभर सांगत सुटलेय. सेमिसीला भेटत जा. माझ्या भावाचा मुलगा असला तरी तुम्ही दोघं एकाच ताटात जेवून वाढलात. दोघांचे ट्रक निराळे झाले म्हणून ताट निराळं होत नाही.

माया खरी असेल तर चार ओळी लिहिशील.
तुझी आई,
कालोलाइने

मेलबर्न, ३ मार्च

ती. सेमिसीदादास,
सा. न. वि. वि.

एवढं सवयीने लिहिलं. पुढचं सवयीचं नाही. फोनवर तोंडातून शिव्या गेल्या असत्या, आणि तू मोठा आहेस.

हा खेळ कसा चालतो ते तुला सांगायला नको, तूही खेळतोस. कुणी घरसामान हलवणारा शोधला की त्याच क्षणी आपल्यासारख्यांचा लिलाव होतो. कोण किती द्यायला तयार आहे, कुणाची जाहिरात लोकांना जास्त पटते, त्यावर वरचं नाव ठरतं. नुसतं दिसलं तर फुकट. कुणी बोट ठेवलं की पैसे गेले, मग तो काम देवो न देवो. मी दिवसाच्या खर्चाची मर्यादा घातलीय. ती संपली की उद्यापर्यंत माझं नाव गायब.

जानेवारीपासून ती रोज पहाटेच संपते. लोक चहा पिऊन शोधायला बसतात तेव्हा मी यादीत नसतो, तू असतोस. वेगवेगळ्या फोनांवरून बोटं पडतात आणि एकही माणूस मला फोन करत नाही. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. ही खरीच निरनिराळी माणसं दिसतात म्हणाले, थोडेसे परत केले आणि हात वर केले. बोटं कुठून पडतात तेही दाखवलं. बहुतेक सगळी रॉबिनव्हेलच्या बाजूची. गावाकडून शहरात येणारी बिऱ्हाडं हेच माझं पोट, म्हणून जाहिरात राज्यभर ठेवलीय. ती बंद केली तर उरतं काय?

या धंद्यात रॉबिनव्हेलचे आपण दोघंच. तिथली माणसं तुझ्या शब्दावर उठतात-बसतात. आणखी कुणाचं नाव घेऊ? हप्ते थकलेत. हा महिना असाच गेला तर ट्रक ओढून नेतील. तुला काम हवं होतं तर मागायचंस, मी दिलं असतं.

लोभ मागावा असं काही उरलं नाही.
फेलेती

मेलबर्न, ९ मार्च

चि. फेलेतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र बायकोला दाखवलं नाही. तिला तू आवडतोस.

मी तुझ्या नावावर कधी बोट ठेवलं नाही. स्वतःची जाहिरात बघायची असली तरी तुझ्या नावाला धक्का न लावता खाली सरकायचो, कारण तुझे पैसे जातील. गावातल्या माणसांना मी असली चोरी शिकवीन असं तुला वाटलं, तेही एका घरात वाढून. ते जास्त लागलं.

आत्याला यातलं काही कळू देणार नाही. तिच्यापुढे मान वर करून बोलणं मला या जन्मी जमायचं नाही, आणि तिला रडवणं तर नाहीच. पण तुझा फोन आता उचलणार नाही.

लोभ होता.
सेमिसी

रॉबिनव्हेल, २ एप्रिल

चि. फेलेतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, फोनवर आवाज विहिरीतून आल्यासारखा. म्हणून आता गुपित फोडते, तेवढाच तुला धीर येईल.

नव्या वर्षाच्या पहिल्या प्रार्थनेपासून आम्ही सगळे तुझ्यासाठी बोट ठेवतोय! पहाटेची प्रार्थना संपली, आमेन झालं, की चर्चचा अख्खा हॉल फोन काढतो. आधी शोधायचं, मग तुझं नाव दिसलं की दाबायचं. म्हाताऱ्यांना चष्मा लावून मी स्वतः शिकवलं. वर्षाच्या देणगीला जसं एकेका घराचं नाव पुकारतात तसं मी पुकारते, की आज कुणाचं घर राहिलं? मग कोण मागे राहतंय? लोसेली तर लाजेने तिन्ही सुनांचे फोन घेऊन येते. परवा पाद्री म्हणाले की असा भाचेपुतण्यांच्या पाठीशी उभा राहणारा हॉल त्यांनी पाहिला नाही.

तू एकटा आहेस असं कधी मनात आणू नकोस, पोरा. सूर्य उगवायच्या आत इतकी माणसं तुझं नाव हातात धरतात.

मायेचा हात पाठीवर आहेच.
तुझी आई

मेलबर्न, १० एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मी ते ट्रक लावायचो त्या जागी बसून वाचलं. जागा आता मोकळी असते, ट्रक लांबच्या कामावर गेलाय. मीही मधल्या वेळात एका गोदामात जातो. तिथे खोकीच उचलायची असतात, म्हणजे काम नवं नाही.

आई, तुम्ही सगळ्यांनी केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळ्यांना माझा नमस्कार सांग, लोसेलीकाकूला आणि तिच्या सुनांनाही. पण आता दाबायचं थांबवा. माझं नाव पोचायचं तिथे पोचलं. आता तुमच्या बोटांना विश्रांती द्या.

सेमिसीदादाला मी पुष्कळदा फोन केला, तो उचलत नाही. रविवारी गावाला आला तर माझी चूक झाली एवढं सांग. कसली ते त्याला माहीत आहे. मला तो हवाय गं.

अळूच्या पानातलं, नारळाच्या दुधातलं तुझ्या हातचं मटण खावंसं वाटतं. जमलं की येतो. लगेच जमेल असं वाटत नाही.

तुझी माया अशीच राहू दे, मी कसाही असलो तरी.
तुझा फेलेती

रॉबिनव्हेल, १९ मे

चि. फेलेतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाव पोचलं हे मी हॉलमध्ये वाचून दाखवलं. लोक रडले रे. पाद्रींनी आभाराची प्रार्थना केली. मग लोसेलीने विचारलं की आता या बोटांचं काय करायचं? मी म्हटलं, दुसरा मुलगा आहे ना माझा!

त्याच दिवसापासून सेमिसीचं नाव धरलंय. त्याला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. शेजारच्या मिल्ड्युरा गावच्या चर्चचा हॉलही आता आपल्यात आलाय, म्हणजे तुझ्याहून दुप्पट माणसं झाली. हेवा करू नकोस हं!

तो मात्र हल्ली रविवारी येत नाही. तुझा निरोप तसाच राहिला. काल त्याच्या बायकोचा फोन आला होता. काम एकदम बसलंय, ट्रक विकायला काढलाय म्हणाली. आणि सेमिसी म्हणतो की कुणी केलं ते त्याला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. कोण मेला पोराच्या वाईटावर उठलाय, देव जाणे.

तू काळजी करू नकोस. आजपासून आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरही दाबतो.

दोघांवर सारखीच माया.
तुमची आई,
कालोलाइने